भाज्याच्या लेण्यातली चूल

चंपाचं माहेर भाजे, म्हणजे लेण्यांच्या अगदी पायथ्याशी. तरी लग्न ठरताना सासऱ्यानं विचारलं, पोरी, वरची लेणी बघितलीस का, तेव्हा ही बया खाली मान घालून न्हाई म्हणाली होती. एवढी धडधडीत थाप कुणी मारतं का? पण मारली खरी. सासरा धोंडिबा रेल्वेत गँगमन. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झालेली, आणि भाज्याची लेणी म्हणजे आपल्या भिक्खूंचं घर, असं तो दारात येईल त्याला सांगायचा. त्याच घरात चंपानं सात पावसाळे शेळ्या बांधल्या होत्या. हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

लग्नाला वर्ष होतंय तोवर एका रविवारी धोंडिबानं फर्मान काढलं, की आज लेणी बघायला जायचं. तो, चंपाचा नवरा जानू आणि चंपा असे तिघं परंदवडीहून भाकरी बांधून निघाले, तळेगावला गाडीत बसले आणि मळवलीला उतरले. लबाडी करायची म्हणजे नुसतं तोंड सांभाळून भागत नाही, पायही सांभाळावे लागतात. तिचे मेले पाय सारखे पुढं पळायचे. एका निसरड्या धोंड्यावरून जानू घसरला, ही मात्र न बघताच त्या धोंड्याला वळसा घालून गेली. जानूनं तिच्याकडं रोखून पाहिलं, आणि पुढच्या धोंड्याला आपणही वळसा घातला. शहाणा माणूस.

वर पुण्याची मंडळी थर्मास आणि कॅमेरे घेऊन आधीच आलेली होती. मोठ्या लेण्यात धोंडिबानं स्तूपापुढं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि म्हातारा घळाघळा रडला. चंपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग शेजारच्या खोलीत शिरले, आणि व्हायचं तेच झालं. कोपऱ्यात तीन दगडांची चूल, कडेला वाळक्या लेंड्या आणि वर भिंत काळीकुट्ट. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, ही इथली गुराखी जात, यांना कशाची किंमत नाही. धोंडिबानंही मान डोलावली आणि कुणा नतद्रष्टानं हे केलं म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चंपा गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण म्हातारा रडताना तिनं पाहिला होता, आता त्याच्यापाशी खोटं पचेना.

"मामंजी, ती चूल माजी हाय," ती म्हणाली. "पावसात शेळ्या घिऊन मी हितंच यायचे. तुमास्नी खोटं सांगितलं."

जानूनं मान खाली घातली. धोंडिबानं त्या काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं.

"आन् पानी कुटलं प्यायचीस?" त्यानं विचारलं.

चंपानं त्याला बाहेर नेऊन कातळात खोदलेलं टाकं दाखवलं. पाणी गार आणि नितळ होतं.

"गावच्या हिरीवर आमाला चढू देत न्हवते," ती म्हणाली. "हितं कुनी अडवलं न्हाई."

धोंडिबा टाक्याच्या काठावर बसला. भिक्खू बाकी वर्षभर हिंडायचे आणि पावसाळा तेवढा असल्या लेण्यांत काढायचे, हे त्यानंच घरी दहादा सांगितलं होतं. आता ते त्याला नव्यानं कळल्यासारखं दिसलं.

"पावसात आसऱ्याला येनाऱ्यासाठीच हे खोदलंय," तो म्हणाला. "तू कुनाच्या घरात घुसली न्हवतीस, पोरी. आपल्याच घरात ऱ्हात व्हतीस."

चंपाला हुंदका आवरेना. म्हातारा ओंजळ भरून पाणी प्याला, मग त्यानं जानूला प्यायला लावलं आणि उठून झुडपाची एक डहाळी मोडली.

"पर घर म्हटल्यावर झाडायला नको?" असं म्हणत तो पुन्हा त्या खोलीत शिरला आणि स्वतः वाकून लेंड्या झाडू लागला. चंपानं पदर खोचला आणि दुसरी डहाळी मोडली. झाडून झाल्यावर लेणी दाखवायला ती पुढं निघाली. आता पाय आवरायचं काही कारण नव्हतं, आणि मागं दोघं बापलेक धापा टाकत येत होते.