आधी भजन, मग वचन

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन," असं मी नॉर्मनला म्हणाले आणि दार लावून घेतलं. शब्द चांगले होते. स्वर मात्र शिवी देतानाचा होता.

नॉर्मन आमचा शेजारी. साठीला आलेला, एकटा राहणारा बस ड्रायव्हर. लीड्समधल्या त्याच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. दर गुरुवारी साडेसातला आमच्या पुढच्या खोलीत मराठी प्रार्थनासभा भरायची: आधी बायबलमधलं वचन, मग ढोलकी-पेटीवर भजन. लीड्स-ब्रॅडफर्डची दहा-बारा माणसं, एक जोडपं यॉर्कहून. रविवारी सगळे आपापल्या इंग्लिश चर्चला जात. पण मराठीत गायला आठवड्यातून ही एकच संध्याकाळ होती, आणि एवढी माणसं मावतील असं घर आमचंच. त्या दिवशी सभा संपताच नॉर्मन दारात आला. म्हणाला, "हा ढोल थांबला नाही, तर मी कौन्सिलला लेखी तक्रार करणार." नगरपालिकेकडे तक्रार गेली की सभा बंद, हे मला कळत होतं. म्हणून तो स्वर.

सकाळी कामावर जाण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून प्रार्थना करते. दुसऱ्या दिवशी "प्रभू, नॉर्मनसाठी..." इथपर्यंत आले आणि अडले. मागायचं काय? मी हॉस्पिटलच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करते. तिथे प्रत्येक नमुन्यासोबत फॉर्म येतो, कोणती तपासणी हवी ते त्यावर लिहिलेलं असतं. फॉर्म नसेल तर नमुना आम्ही परत पाठवतो. माझी प्रार्थना तशीच बिनफॉर्मची होती. नऊ वर्षं शेजारी असलेल्या या माणसाबद्दल मला त्याच्या बसच्या नंबरापलीकडे काही माहीत नव्हतं.

शनिवारी नानकटाईचा डबा घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले.

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाले होते. नेमकं काय मागू?"

"थट्टा करतेस का, लव्ह?" इकडची जुनी माणसं कुणालाही 'लव्ह' म्हणतात.

"नाही. मला खरंच माहीत नाही."

त्याने डबा घेतला, उघडून पाहिला, एक नानकटाई तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिला.

"झोप," तो म्हणाला. "पहिली बस माझी असते. पावणेचारला उठतो, म्हणून आठला आडवा होतो. बाकी दिवस लागते झोप. गुरुवारी नाही."

मी घरी आले आणि राजीवला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं.

"मग माग की झोप," तो म्हणाला.

"कशी मागू? आपणच तर ती मोडतोय."

राजीव पेपर वाचत होता. त्याने तो खाली ठेवला.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी नॉर्मनकडे आणखी एका गुरुवारची मुदत मागितली. त्या गुरुवारी भजन रंगात आल्यावर मी मागच्या दाराने त्याच्याकडे गेले. तो ड्रेसिंग गाउनमध्ये जिन्यावर बसला होता. "ऐक," म्हणाला. मी ऐकलं. भिंतीतून शब्द येत नव्हते, चालही येत नव्हती. येत होती फक्त ढोलकी. धप्, धप्, धप्. त्याच्या कपाटातले पेले त्या तालावर किणकिणत होते. आमची सगळी स्तुती भिंतीत अडकत होती आणि पलीकडे फक्त धपाटे पोचत होते.

परत येऊन मी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. ढोलकी वाजवणारे मोहनकाका भिंगारदिवे लगेच ताठ झाले. काका मूळचे अहमदनगरचे, ब्रॅडफर्डला पोस्टातून निवृत्त झालेले.

"हा छळ आहे, शैला. ख्रिस्ती माणसाला छळ सोसावाच लागतो. प्रेषित पौलाला तुरुंगात टाकलं तरी तो गातच होता की नाही?"

"काका, त्या तुरुंगात पावणेचारला उठून बस काढायची नव्हती कुणाला," राजीव म्हणाला.

माणसं हसली. काका हसले नाहीत.

"छळ आपला नाही, काका," मी म्हणाले. "त्याचा आपण करतोय. मी आत्ता ऐकून आले. आपण क्रम बदलू. सहाला जमायचं, आधी भजन. साडेसातला वाद्यं बंद. मग वचन, मग प्रार्थना, हळू आवाजात."

"आधी वचन, मग भजन! माझ्या आजोबांपासून तसंच चालत आलंय. वचनाने मन तयार होतं, मग गाणं येतं. आणि सहाला? आपली माणसं? सहा म्हटलं की आपल्याकडे लोक आंघोळीला जातात."

"येतील."

"येतील तर येऊ देत. माझी ढोलकी अशी घड्याळावर चालत नाही." काकांनी ढोलकीला खोळ घातली, सगळ्यांना सलाम केला आणि निघून गेले.

तो आठवडा मला बरा गेला नाही. काका नसले तर ब्रॅडफर्डची चार माणसंही येणार नाहीत. काकाच त्यांना गाडीतून आणत. नॉर्मनला झोप द्यायची तर सभा अर्धी होणार. आता मागणी अगदी स्पष्ट होती. रोज सकाळी मी एकच मागत होते: नॉर्मनला झोप लागो आणि काका येवोत. दोन्ही एकदम. एकाच्या बदल्यात दुसरं मला नको होतं.

गुरुवारी मी ड्यूटी बदलून लवकर आले. खुर्च्या मांडल्या. सहा वाजले. कोणी नाही. माझी अकरा वर्षांची, इथेच वाढलेली तनू खिडकीत उभी होती.

"आई, रोड एकदम रिकामी आहे."

सहा वाजून पाच मिनिटांनी यॉर्कचं जोडपं आलं, धापा टाकत. मोटरवेवर स्पीड लिमिट पाळून वेळेवर येणं ही आपली ख्रिस्ती साक्ष आहे, असं त्यातला नवरा म्हणाला. मग लीड्सचे दोघं आले. राजीवने पेटी उघडली. आम्ही गायला लागलो, पण ढोलकीवाचून आवाज जागच्या जागी बसत होता. दुसऱ्या कडव्याला तनू माझ्या कानाशी आली.

"मोहनआजोबांचा गाडी आलाय. कॉर्नरला. व्हॅनच्या मागे होता, आत्ता दिसला."

मी चपला घालून बाहेर गेले. कोपऱ्यावर काकांची जुनी गाडी उभी होती. मागे चार माणसं दाटीवाटीने बसलेली, पुढच्या सीटवर ढोलकी, तिला सीटबेल्ट लावलेला. काकांनी काच खाली केली.

"कधी आलात?"

"पावणेसहाला," मागून कोणीतरी म्हणालं. "आत जाऊच देत नाहीत!"

"सगळ्यांच्या आधी पोचलो, हे कोणी पाहिलं तर माझी अब्रू काय राहील?" काका म्हणाले. मग समोरच्या काचेकडे बघत राहिले. "शैला, तो माणूस खरंच पावणेचारला उठतो?"

"हो."

"पोस्टात मी तेवीस वर्षं चारला उठलो. वरच्या मजल्यावर एक बाई रोज रात्री फर्निचर सरकवायची. तिच्यासाठी मी कधी प्रार्थना केली नाही. तिच्या नावाने काय काय केलं ते मात्र विचारू नकोस." त्यांनी ढोलकीचा बेल्ट सोडला. "पण एक सांग. रंगात आलेली ढोलकी साडेसातला थांबवणार कोण?"

"तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकते?"

काका उतरले. पुढचा तासभर जे भजन झालं, तसं आधी कधी झालं नव्हतं. तनूने झांजा धरल्या होत्या. साडेसातला दोन मिनिटं कमी असताना शेवटचं कडवं ऐन भरात होतं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ढोलकीवर तळहात पालथा ठेवला. कडवं आम्ही नुसत्या आवाजात पुरं केलं.

राजीवने वचन वाचलं. मग प्रार्थना. एरवी काका प्रार्थना करत तेव्हा खिडक्या हलत. ते राष्ट्रांसाठी मागत, राज्यकर्त्यांसाठी मागत, जगभरच्या मंडळ्यांसाठी मागत, आणि आमचे पाय बधिर होत. आज आवाज चढवायचा नव्हता. कुजबुजत राष्ट्रांसाठी मागता येत नाही, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "प्रभू, आमचा मुलगा, माधव, फोन करत नाही. चूक माझीच आहे. त्याला मी आधी करीन. तेवढं धैर्य दे."

त्यांच्यानंतर यॉर्कच्या बाईंनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची भीती सांगितली. बाराही माणसं एकेक करून हळू बोलली, आणि नऊ वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते मी त्या अर्ध्या तासात ऐकलं. भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. तेवढ्यावरून नॉर्मन झोपलाय असं सिद्ध होत नाही, पण मी आभार मानून टाकले.

शेवटचं आमेन इतकं हलकेच झालं की तनूने एक डोळा उघडला.

"झाली?" तिने विचारलं.

"हळू," काका म्हणाले आणि चपला हातात घेऊन चवड्यांवर चहाकडे निघाले.