मनकर्णाच्या हातचा दात

लतिकेचा ओठ अंगठ्यानं वर करून मनकर्णा चिनी मातीचा नवा दात तिच्या खऱ्या दाताशेजारी धरून खिडकीच्या उजेडात रंग पाहत होती, तेव्हा यमुताईंनी विचारलं, "नाव काय वं तुयं? कुठची?"

"मनकर्णा. इंदोऱ्याची."

इंदोरा म्हणजे बौद्धांची वस्ती. यमुताईंनी भाचीला हाताला धरून खिडकीपासून ओढलं आणि त्या थेट डॉक्टरांकडे गेल्या.

नागपूरच्या गांधीबागेतल्या त्या दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दात घडवायचं काम मनकर्णाचं. भट्टीतून निघालेला दात बारक्या दगडी चाकावर घासायचा, शेजारच्या दातासारखा उतार द्यायचा, पुन्हा भाजून झिलई आणायची. सायकलवरून पडून पुढचा दात मोडल्यापासून कापडवाल्यांची ही लतिका तोंडावर हात धरूनच बोलायची. कॉलेजही सोडलं होतं तिनं.

डॉक्टर आत आले ते आवाज खाली करूनच. इंदोऱ्याच्या बाईच्या हातचा दात पोरीच्या तोंडात जाऊ देणार नाही, असं यमुताईंचं म्हणणं होतं. दात हाच लावू, पण मीच केला म्हणून सांगतो, डॉक्टर म्हणाले. मनकर्णानं तेवढा वेळ मागं जाऊन बसावं. नोकरीचाही विचार करावा.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली मनकर्णाच्या बापानं घरातले देव खाप्याला कन्हान नदीच्या पात्रात सोडले होते. परतताना पोरीला म्हणाला होता, आता मान वर करून चालायचं.

"डॉक्टरसाहेब, मी काही चोरी करून नाही राहिली," मनकर्णा म्हणाली. "दात मी घासला. मी काहून लपू?"

बशीत दात घेऊन ती स्वतःच बाहेर गेली. बाकांवर माणसं बसली होती. त्यांच्यादेखत तिनं यमुताईंना सांगितलं, "हा दात माह्या हातचा हाय. लावायचा तर हे समजून लावा. नाई तर राहू द्या."

यमुताई उठल्या. लतिका उठली नाही. तिनं तोंडावरचा हात काढला आणि मोडका दात सगळ्यांना दिसू दिला.

"तुमी व्हा पुढं, आत्या. मी दात लावूनच येतो."

यमुताई एकट्याच जिना उतरल्या. डॉक्टरांनी दात बसवला. जराशी कड टोचत होती, ती मनकर्णानं घासून दिली.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्या वेळेला आली. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि चाक सुरू केलं. डॉक्टर दारातूनच वळले आणि आपल्या खोलीत गेले. पांढरी धूळ उडत होती, तिच्या केसांवर बसत होती. तिनं ती झटकली नाही.