अरुणाने काठी घरी आणली

मी लाटणं बोलतोय. माझं लाकूड शिसवी, पोट किंचित फुगीर, मुठी निमुळत्या. सावंतवाडीच्या एका सुताराने मला घडवलं आणि १९९८ साली अरुणाच्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून मी विनिपेगला आलो.

इथे हिवाळ्यात घरातली हवा भट्टीसारखी कोरडी होते, लाकूड तडकतं. म्हणून दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अरुणा मला शेंगदाण्याचं तेल चोळते. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर एक चीर नाही. मला वाटायचं, याला प्रेम म्हणतात.

मग स्टाव्रुला आली. म्हणजे ती शेजारीच राहायची, सत्तरीची, ग्रीक. तिच्या चर्चच्या आवारात दर ऑगस्टला ग्रीक जत्रा भरते. मांस भाजल्याचा धूर, गोल धरून नाच, मधात बुडवलेल्या तळलेल्या गोळ्यांसाठी रांग. महिनाभर आधीपासून बायका चर्चच्या बेसमेंटमध्ये पालक-चीजच्या पॅटिससाठी कागदासारख्या पातळ पाऱ्या लाटतात; त्यांना फिलो म्हणतात. यंदा हात कमी पडले. अरुणा हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच रिटायर झालेली.

"यू मेक रोटी. यू कॅन मेक फिलो," स्टाव्रुला म्हणाली.

अरुणा मला पिशवीत घेऊन गेली. स्टाव्रुलाने मला उचललं आणि हसली. "व्हॉट इज धिस? फॉर बेबी?" आणि अरुणाच्या हातात एक काठी दिली. दोन हात लांब, बोटाएवढी जाड. ना पोट, ना मुठी!

अरुणाने पारी लाटली, छान लाटली. मग सवयीने तिच्यावर तेल लावलं, पीठ भुरभुरलं, अर्धी दुमडली आणि पुन्हा दुमडली. घडीची पोळी!

"नो, नो, अरुणा! इट्स नॉट अ हँकरचीफ!"

"अगं बाई, हात आपोआप गेला!"

सगळं बेसमेंट हसलं. मीही मनातल्या मनात हसलो. म्हटलं, आता येईल परत माझ्याकडे. पण ती त्या काठीलाच सरावासाठी घरी घेऊन आली.

तेवीस दिवस मी ड्रॉवरमध्ये होतो. मोजले मी.

"आई, व्हेअर आर द रिअल पोळ्याज?" मुलगी ईशिता विचारायची.

"फ्रोझन आहेत, त्या गरम कर. मला सराव करू दे."

ओट्यावर काठीभोवती पारी गुंडाळल्याचा मऊ आवाज यायचा. एकदा अरुणा त्या काठीला म्हणाली, "काय सुरेख फिरतेस गं बाई!" माझ्याशी ती इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी मला चीर जायचीच बाकी होती.

जत्रेच्या शनिवारी सकाळी स्टाव्रुलाचा फोन आला. तिचं मनगट सुजलं होतं, लांब काठी पेलवेना, आणि मुलांसाठीचे छोटे पॅटिस अजून व्हायचे होते. "अरुणा, ब्रिंग द बेबी."

बेसमेंटमध्ये एका टोकाला अरुणा काठी घेऊन उभी राहिली, दुसऱ्या टोकाला स्टाव्रुला मला घेऊन बसली. तिचा हात जड, पण समजूतदार होता. दोन पाऱ्या फाटल्या. तिसरी माझ्याखाली आपली आपण गोल फिरू लागली, तशी स्टाव्रुला लहान मुलीसारखी आनंदाने ओरडली. पन्नास पाऱ्या झाल्या. तिने मला पुसलं, न्याहाळलं.

"धिस वन आय कीप. यू टेक माय लाँग वन. ओके?"

अरुणाचे हात थांबले. ती कोपरापर्यंत पिठाने माखलेली, तशीच टेबलाला वळसा घालून आली आणि मला स्टाव्रुलाच्या हातातून काढून घेतलं. "हे नाही मिळायचं," ती चक्क मराठीत म्हणाली. मग ओशाळून, "सॉरी. आय विल गेट यू वन फ्रॉम इंडिया." पण मूठ सैल केली नाही. तिचा चेहरा मी जवळून पाहिला. तेवीस दिवस मी जे सोसलं, ते सगळं तिच्या कपाळावर उमटलं होतं.

आता मी पुन्हा रोज पोळ्या लाटतो. काठी स्टाव्रुलाच्या घरी गेली. तुम्हाला एकच विनंती: त्या सकाळी परक्या हातात मला फार बरं वाटलं होतं, हे अरुणाला कळू देऊ नका.