सलिलने लिहिलेली संध्याकाळ

चैताली कांबळे नेमकं काय काम करते, हे येरवड्यातल्या तिच्या गल्लीत कोणालाच धड सांगता येत नसे. दिवसभर घरी असते, कॉम्प्युटरवर असते, म्हणजे आयटीतच असणार, असं बहुतेकांनी ठरवून टाकलं होतं. तिची आई जयाबाई महापालिकेच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. कोणी विचारलंच तर त्या सांगायच्या, "गेम बनवते. मुलांचे नाही, मोठ्यांचे." हे ऐकून विचारणारा आणखीच गोंधळायचा आणि जयाबाईंना त्याची जरा गंमतही वाटायची.

गेमचं नाव 'दिवेलागण'. पडद्यावर एक वस्ती, अर्धी पत्र्याची, अर्धी स्लॅबची. ऊन कलत आलेलं. मुक्ता नावाची मुलगी घरोघरी जेवणाचे डबे पोचवत फिरते. खेळणाऱ्याने मुक्ताला चालवायचं, दारं वाजवायची, आतल्या माणसांशी बोलायचं. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. जयाबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मग यात खेळायचं काय?"

"लोकांच्या घरी जायचं."

"पोलिओचे डोस घेऊन मी जन्मभर तेच केलं. मला नाही कोणी म्हणालं, काय छान खेळता म्हणून."

सकाळी चैताली पोटापाण्याचं काम करायची. कोणाच्या ॲपची बटणं काढून दे, कोणाची चिन्हं रंगवून दे. दुपारची जेवणं झाली की 'दिवेलागण' उघडायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर लॅपटॉप, बुधवार पेठेतून आणलेला सेकंडहँड मॉनिटर आणि पेनने चित्र काढायची काळी पाटी. वस्तीतलं एकूण एक दार तिने हाताने रंगवलं होतं. आवाजही तिनेच गोळा केलेले. कुकरची शिट्टी घरची, बसच्या ब्रेकचा चीत्कार स्वारगेटला उभं राहून पकडलेला, आणि मुक्ताला ओरडणाऱ्या म्हातारीचा आवाज जयाबाईंचा. तो एकाच दमात, कसलीही तयारी न करता मिळाला होता.

एक गोष्ट मात्र तिची नव्हती. वस्तीवर हळूहळू उतरणारी संध्याकाळ सलिलने लिहिली होती.

सलिल परांजपे आणि ती खराडीतल्या एका कंपनीत शेजारी बसायचे. परदेशातल्या पोरांसाठी मोबाइलवरचे गेम बनायचे तिथे; नाणी उडवा, फुगे फोडा. एक दिवस कंपनीने पुण्यातलं ऑफिस बंद केलं. बाकीच्यांनी दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या. हे दोघं मात्र चैतालीच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसले. चित्रं तिची, कोड त्याचा. सलिल कोथरूडहून दुपारी यायचा आणि जयाबाईंच्या हातची भाकरी आणि लसणाची चटणी नाकाडोळ्यांतून पाणी काढत खायचा. "कोथरूडला तिखट मिळत नाही का रे?" असं जयाबाई रोज विचारायच्या.

संध्याकाळ लिहायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला. सूर्य कलायला लागला की दोघं गच्चीवर जायचे. पत्रा आधी कसा पिवळा होतो, मग तांब्यासारखा, मग अचानक विझतो, भिंतीवरची सावली कडेला निळी का दिसते, हे तो बघत राहायचा आणि खाली येऊन कोडमध्ये उतरवायचा. एकदा तिच्या हातातला पेला किरणात आला, तर तो म्हणाला, "हलू नकोस." ती कितीतरी वेळ हलली नाही. तो पेल्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे.

त्याच्या घरी ती एकदाच गेली. त्याच्या आईंनी आडनाव विचारलं, उत्तर ऐकलं आणि त्यानंतर पूर्ण वेळ इतक्या आदराने वागल्या की चैतालीला बसवेना. "आपण घ्या ना अजून. आपल्याला चालतं ना आमच्याकडचं?" परतताना सलिल स्कूटरवर गेमच्याच गोष्टी बोलत राहिला.

मग त्याला स्वीडनमध्ये नोकरी लागली. "एकच वर्ष. पैसे साठवतो आणि येतो," असं तो म्हणाला. ती विमानतळापर्यंत गेली. आत जाण्याआधी त्याने मागे वळून सांगितलं, "गेम थांबवू नकोस." ती मान हलवून आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. अजून एखादं वाक्य येईल असं तिला वाटलं होतं. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती.

या वर्षी दिवाळीनंतर तिचा लॅपटॉप कायमचा बंद पडला. खेळ वाचला, कारण त्याची प्रत दुसरीकडे होती. पण नव्या लॅपटॉपवर इंजिनची, म्हणजे गेम ज्याच्या जोरावर चालतो त्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली आणि त्या आवृत्तीला सलिलचा जुना कोड समजेना. दारं होती, माणसं होती, कुकर वाजत होता, पण संध्याकाळ व्हायला लागली की सगळ्या वस्तीवर शाई सांडल्यासारखा निळा रंग पसरायचा.

जानेवारीत एरंडवण्यात छोट्या गेम बनवणाऱ्यांचा एक मेळावा होता. तिला तिथे टेबल मिळालं होतं. तिने सलिलला फोन लावला.

"ते अजून वापरतेस?" तो हसला. "अगं, तेव्हा मी वाटेल ते लिहायचो. उडवून टाक आणि नव्याने लिही. तुला येतं की आता."

"येतं. पण तसं नाही होत."

"बरं, थांब. डिसेंबरात येतोय मी, ताईचं लग्न आहे. येऊन बघतो."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या मनाशी हिशेब मांडला. नव्याने लिहायचं तर आजच बसायला हवं होतं. डिसेंबरपर्यंत थांबायचं तर मेळाव्याला जेमतेम वेळ उरत होता. शहाण्या माणसाने काय करावं हे उघड होतं. तिने बाकीची कामं काढली. संवाद तपासले, दारांच्या कड्या नीट केल्या, मुक्ताच्या चपलेला नवा अंगठा काढला. संध्याकाळीला हात लावला नाही. मध्येच केस कापून आली, बाहेरच्या खोलीचे पडदे धुतले.

"मेळाव्याला लोक आपल्या घरी येणारेत का?" जयाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग पडदे कोणासाठी?"

चैताली पडदे अडकवायला स्टुलावर चढली.  सलिल येणार होता त्या दिवशी लसूण सोलायला त्या सकाळपासून बसल्या.

सलिल आला. अंगाने भरला होता, दाढीत दोन-चार पांढरे केस होते. जयाबाईंच्या पाया पडला, चॉकलेटचा मोठा डबा दिला. भाकरी खाल्ली, चटणी मात्र कडेला ठेवली. "पोटाला झेपत नाही हो काकू आता." जयाबाईंनी ताटात दही वाढलं.

मग तो टेबलाशी बसला. चैतालीने दुसरी खुर्ची ओढली. खांद्याला खांदा लागेल इतकंच अंतर होतं आणि ते पूर्वीइतकंच आहे, हे तिच्या लक्षात आलं. त्याने कोड उघडला, वरखाली केला, कपाळाला आठ्या घातल्या.

"हे मी लिहिलंय?"

"मग कोणी?"

"हा आकडा कुठून आणला असेल मी? याला इथे का गुणलंय?" तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "काही आठवत नाही, यार."

तिला आठवत होतं. पत्र्याचा रंग हवा तेव्हा विझत नव्हता म्हणून तो चिडला होता, खाली जाऊन दोन वेळा चहा पिऊन आला होता आणि मग हा आकडा सापडल्यावर टेबलावर हात आपटून ओरडला होता. तिने ते सांगितलं. तो ऐकत होता, कोणा ओळखीच्या माणसाची गोष्ट ऐकावी तसा.

"खेळून तर बघू दे," तो म्हणाला.

त्या निळ्या उजेडातच तो मुक्ताला घेऊन निघाला. भराभर दारं वाजवली, भराभर डबे दिले. म्हातारीचा आवाज ऐकून स्वयंपाकघराकडे बघून हसला. शेवटचा डबा द्यायचं घर बंद असतं. समोर बसथांब्यावर बाक आहे. मुक्ता तिथे बसू शकते. खेळणाऱ्याने काहीच न करता तिला बसू दिलं, तर बऱ्याच वेळाने एक बस येते आणि त्या घरातलं माणूस उतरतं. हे चैतालीने तो गेल्यावर घातलं होतं आणि कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. सलिलने मुक्ताला बाकावर बसवलं.  त्याने क्षणभर पाहिलं, मग मुक्ताला उठवलं, डबा बंद दारापाशी ठेवला आणि गेम संपवला.

"मस्त झालंय. खरंच," तो म्हणाला. "चैताली, ऐक. आमच्या टीमला आर्टिस्ट हवेत. तुझं काम दाखवलंय मी त्यांना. व्हिसा, घर, सगळं ते बघतात. ये ना तिकडे."

किती वेळा तिने हे वाक्य मनात ऐकलं होतं! शब्दही थोडेफार हेच होते. तिने विचारलं, "तू बोलावतोयस की तुझी टीम?"

सलिल माउसची वायर बोटाला गुंडाळत राहिला. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"विमानतळावर विचारणार होतो तुला," तो शेवटी म्हणाला. "आमच्या घरी काय म्हणतील याचाच विचार करत राहिलो. आईचं तुला माहितीये. तेव्हा विचारायला हवं होतं."

"तेव्हा."

"हो. तेव्हा."

"तिकडे कोणी आहे?"

"आहे. वर्ष होईल आता." मग लगेच म्हणाला, "नोकरीचं मी मनापासून सांगतोय पण."

"माहितीये. तू मनापासूनच सांगतोस," चैताली म्हणाली. तिचा आवाज नीट निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "मी नाही येत. संध्याकाळीचं मी बघते. तुला लग्नघरी कामं असतील."

दाराशी त्याने रिसेप्शनचं आमंत्रण दिलं, काकूंनाही घेऊन ये म्हणाला. जयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आमचे आशीर्वाद सांग ताईला," त्या म्हणाल्या. "आणि जपून जा. पुलावर गर्दी असेल."

तो गेल्यावर चैताली बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा जयाबाईंनी सलिलने न खाल्लेली चटणी तिच्या ताटात वाढली. दोघी जेवल्या. तिखटाने डोळ्यांत पाणी यायला कारण होतंच, त्यामुळे कोणाला काही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर ती लॅपटॉप आणि काळी पाटी घेऊन एकटीच गच्चीवर गेली. आधी तिने त्याचीच संध्याकाळ शोधली, पिवळा, तांबूस, विझणं. पण शेजारच्या पत्र्यावर आता निळी ताडपत्री होती आणि समोर नवी इमारत आली होती. ऊन त्या इमारतीच्या मागे फार लवकर जात होतं. उरलेला उजेड धुळीतून, कडेकडेने यायचा, राखेत थोडं कुंकू मिसळावं असा. जेलच्या भिंतीवरचे दिवे सगळ्यात आधी लागायचे, अजून उजेड असतानाच. मग कुठे घराघरांतले. तिने ते तसंच काढलं. रोज वर जायची आणि खाली येऊन लिहायची. कोड तिला जड जायचा. एक सावली जागेवर बसवायला दोन-दोन दिवस जायचे. सलिलच्या ओळी एकदम पुसणं जमलं नाही. नवी एक ओळ चालली की जुनी एक काढायची, असं करत करत मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्या संपल्या. शेवटची ओळ काढताना तिचा हात अडला. मग जयाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, गॅस संपलाय, दुसरा सिलिंडर लाव, आणि उठताउठता तिने ती पुसून टाकली.

मेळाव्यात तिच्या टेबलाशी फार गर्दी झाली नाही. पण बसलेली माणसं लवकर उठत नव्हती. धानोरीहून आलेली पायल नावाची मुलगी गेमला संगीत द्यायचं का विचारून गेली. फेब्रुवारीत 'दिवेलागण' विक्रीला गेली. पैसा बेताचाच आला. गेमबद्दल चांगलं लिहिणारी माणसं मात्र कुठून कुठून निघाली. पहिल्या आठवड्यातच सलिलचा मेसेज आला, 'पूर्ण खेळलो. संध्याकाळ आवडली. माझ्यापेक्षा खरी आहे.' तिने 'थँक्स' लिहिलं. पुढे लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. ते तिने लिहिलं नाही, पण म्हणून ते संपलंही नाही. कुठे चांगला उजेड दिसला की अजूनही पहिल्यांदा त्यालाच सांगावंसं वाटतं. हे एवढ्यात जाईल असं तिला वाटत नाही. जावं, असंही रोज वाटत नाही.

परवा ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. वारा पडला होता, आणि धूळ सोनेरी होऊन अधांतरी थांबल्यासारखी दिसत होती. हात खिशातल्या फोनकडे गेला. तिने तो बाहेर काढला, क्षणभर धरला, परत ठेवला आणि जिन्यातून खाली वाकून हाक मारली, "आई! वर ये ना जरा. लवकर ये."

गुडघ्यांना नावं ठेवत जयाबाई एकेक पायरी चढून आल्या. "काय झालं?"

"काही नाही. हे बघ."

जयाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "रोजचीच तर आहे," त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातातले अर्धे कपडे स्वतःकडे घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.