हरिदासच्या वाट्याचं

पंचफुलाच्या घरी दोन कोंबड्या होत्या, एक दुभती शेळी होती, आणि तरी चार महिन्यांत त्या पोरीनं अंडं पाहिलं नव्हतं की दुधाचा थेंब चाखला नव्हता. आता कोंबडी अंडं घालते तेव्हा गावभर बोभाटा करते. गुपचूप काम उरकणं तिच्या स्वभावात नाही. सकाळी दप्तर उचलताना पंचफुला तो बोभाटा रोज ऐके. आणि संध्याकाळी तिची माय तानाबाई तिच्यापुढे ज्वारीच्या कण्या आणि मिरचीचं पाणी ठेवून रोज सांगे, "अंडे नाई देऊन राह्यल्या वं कोंबड्या. थंडी हाये ना." शेळीचं दूध म्हणे पिल्लूच पिऊन टाकतं.

पोरगी चौदा वर्षांची, अल्लीपूरच्या शाळेत सातवीला होती. वस्तीपासून शाळा दीड कोस, मध्ये नाला. त्या वस्तीतून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी, आणि उन्हाळ्यात तिची सातवीची परीक्षा होती. पण कापूस फुटायला लागला तेव्हापासून तिला वाटेत अंधारी येऊ लागली. दोनदा ती नाल्याच्या काठी डोकं धरून बसली. तिसऱ्यांदा भर वर्गात, फळ्यापाशी उभी असताना कोसळली. मुलं तपासायला आलेल्या सरकारी नर्सबाई आनंदाबाई यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"रक्तच नाही गं अंगात," त्या म्हणाल्या. "औषधाच्या गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. दूध, अंडं, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाणे. घरी सांग. नाही तर परीक्षेपर्यंत चालत यायची ताकद राहायची नाही."

पंचफुलानं घरी सांगितलं. तिचा बाप लहानू लोकांच्या वावरात रोजानं जाई. पोरीच्या शिक्षणाचं नाव निघालं की तो दिवसभराचा थकवा विसरे, पण हे ऐकून त्याचा चेहरा पडला. "अशी वाटेत पडत असशीन तं शाळा बंद," तो म्हणाला. "एक लेकरू गेलं. दुसरं नाल्यात नाई घालवाचं मले." मग चुलीकडे तोंड करून त्यानं हुकूम सोडला, "तानू, पोरीले दूध-अंडं देत जाय."

"देतो ना," तानाबाई म्हणाली, आणि लहानूच्या लेखी विषय संपला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या या माणसाला आपल्या चुलीवर काय शिजतं ते ठाऊक नव्हतं, आणि पुरुषानं ते विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही कण्याच आल्या. पंचफुलानं तोंड उघडलं तेव्हा माय हळूच म्हणाली, "वाढत्या पोरीले अंडं उष्ण पडते. लवकर न्हातीधुती होशीन. मंग लगन लावा लागन, शाळा राह्यली बाजूले." म्हणजे खाल्लं तरी शाळा सुटणार आणि नाही खाल्लं तरी सुटणार. या न्यायापुढे पोरगी काय बोलणार?

गेलेलं ते लेकरू म्हणजे हरिदास, पंचफुलाचा थोरला भाऊ, सतरा वर्षांचा. भादव्यात त्याला मुदतीचा ताप आला. एका कंपाउंडरनं सांगितलं, साबुदाण्याच्या पाण्याशिवाय पोटात काही जाता कामा नये. ताप उतरेना आणि भूक मरेना. शेवटचे आठ दिवस हरिदास एकच म्हणत होता, "माय, भाकर दे. एक कुटका दे." तानाबाईनं दिला नाही. लेकरू जगावं म्हणून दिला नाही, पदर तोंडात कोंबून दिला नाही. एकोणिसाव्या दिवशी तो उपाशी गेला. मग कुणी म्हणालं, द्यायला हवा होता. कुणी म्हणालं, दिला असता तर तेव्हाच गेला असता. लोकांचं काय जातं बोलायला!

आदल्या वर्षी सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलं होतं. म्हणून लहानूनं पिंड केला नाही, श्राद्ध केलं नाही, कावळ्याला घास ठेवला नाही. "हात जोडून शपथ घेतली आपण," तो म्हणाला, "ते मोडाची नाई." तो बरोबरच होता. वावराच्या धुऱ्यावर बसून तो एकटा रडला, पण शपथ मोडली नाही. तानाबाईनं मान हलवली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही.

माघातल्या एका रविवारी पंचफुला शेण गोळा करायला सकाळी नाल्याकडे गेली, तर पलीकडे माय उभी दिसली. तिच्या हातात हरिदासची जर्मनची थाळी होती. तिनं थाळीतली भाकर पाण्यात सोडली, सोललेलं अंडं सोडलं, आणि वाटीतलं दूध ओतलं. नाल्याचं पाणी हातभर पांढरं झालं आणि पुढे गेलं. पंचफुला बाभळीआड उभी राहून पाहत होती. ज्या काठावर ती दोनदा अंधारी येऊन बसली होती, तोच तो काठ.

त्या दिवशी दिवेलागणीला ती मायच्या मागे गेली. घरामागच्या सांदवाडीत हरिदासनं अभ्यासासाठी स्वतःच्या हातानं एक खोपी बांधली होती, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आणि वर गवत. आत त्याचं बाजलं, खुंटीला त्याचा सदरा. तानाबाईनं बाजल्यापाशी थाळी ठेवली, पाण्याचा गडवा ठेवला, "हरी, जेव रे बाबू," एवढंच म्हणाली आणि मागं न पाहता निघून गेली.

पंचफुलाला आधी राग आला. भीती नंतर आली. रागाच्या भरात ती आत शिरली, बाजल्याकडे पाठ करून बसली आणि सगळं खाऊन टाकलं. दूध प्यायली, अंडं खाल्लं, तूप लावलेली भाकर खाल्ली, थाळी चाटून पुसून स्वच्छ केली. मग तिच्या ध्यानात आलं की आपण कुणाचं खाल्लं. मागे बाजलं करकरलं. कोण जाणे, लाकूड थंडीनं आखडलं असेल. ती जी पळाली ती अंगणात येऊन थांबली.

रोज भरलीच परत येणारी आणि सकाळी नाल्यात रिकामी होणारी ती थाळी आणायला गेलेली तानाबाई बराच वेळ परतली नाही. परतली तेव्हा थाळी छातीशी धरलेली होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे भादव्यापासून कुणी पाहिलं नव्हतं. लहानूला वाढताना ती गुणगुणली. पंचफुलाला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण मायचं ते गुणगुणणं मोडायचं तिच्या जिवावर आलं. शिवाय दुसऱ्या दिवशी तिला भूक लागणारच होती.

मग ते रोजचंच झालं. महिन्याभरात पोरीच्या हिरड्या लाल झाल्या. नाला ती एका दमात ओलांडू लागली. आनंदाबाई पुन्हा आल्या तेव्हा पापणी पाहून हसल्या, "घरच्यांनी ऐकलं म्हणायचं!" पंचफुलानं खाली मान घातली.

अंगात रक्त आलं, पण झोप गेली. तिला लसणाची चटणी कधी आवडत नसे; आता तिच्याशिवाय घास उतरेना. हरिदासला तीच लागायची. एकदा घरात जेवताना ती नकळत डावा पाय दुमडून, उजवा गुडघा उभा करून बसली. माय वाढता वाढता थबकली. "हरीवानी बसली तू," ती म्हणाली. आपण खातो ते दादा पाहतो, असं पंचफुलाला वाटू लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो खरंच येत असेल, रिकामी थाळी पाहून परत जात असेल, आणि मेल्यावरही त्याला भाकर मिळत नसेल, असंही वाटू लागलं. म्हणून ती एक कुटका थाळीत ठेवू लागली. तो कुटका माय डोळ्यांना लावून स्वतः खाई.

कारण तानाबाई आता एवढंच खात होती. लेक जेवतो म्हटल्यावर तिनं आपल्या वाट्याची भाकरही त्या थाळीत घातली. "हरी येते," तिनं एकदा पंचफुलाच्या कानाशी येऊन सांगितलं, "तुह्या बाले नको सांगू. भुकेजला हाये तो, पोट नाई भरून राह्यलं त्याचं." मायच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. फाल्गुन लागला आणि शेवटचा कापूस वेचताना ती वावरात पडली. चौघींनी धरून घरी आणली. पंचफुलानं तिचा चेहरा पाहिला, तर ओठ पांढरे. शाळेत फळ्यापाशी पडलो तेव्हा आपलेही असेच असतील. आपल्या अंगात जे रक्त आलं ते कुठून आलं, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिनं ठरवलं, आता खायचं नाही. थाळी भरलेली राहिली की माय ठेवायची थांबेल आणि स्वतः जेवेल. केवढा भाबडा हिशोब! त्या संध्याकाळी भरली थाळी पाहून तानाबाई कंदील घेऊन सांदवाडीभर फिरली. चाऱ्याच्या मागे पाहिलं, विहिरीत पाहिलं. "रुसला," ती पुटपुटत होती, "रुसला माहा लेक." त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लहानूनं दरडावलं, मग हात जोडले. पाण्यापलीकडे तिनं कशाला तोंड लावलं नाही. आपल्या बायकोला काय झालं हे त्या बिचाऱ्याला काही केल्या उमगेना.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तानाबाई भिंत धरत धरत खोपीत गेली. थाळी ठेवली, पण आज परतली नाही. तिथंच मातीत बसली. पंचफुला कुडाच्या मागे अंग चोरून उभी होती. दोघींमध्ये फक्त पऱ्हाटीच्या काड्या.

"हरी," माय म्हणाली, "काऊन नाई जेवत रे? राग धरला का? म्या तुले कुटका नाई देला. कंपाउंडरचं आयकलं, तुहं नाई आयकलं. आता सारं आणतो ना बाबू. एकडाव बोल माह्यासंग. पोट भरलं का तुहं? एवढं सांग, मंग मी नाई विचारत."

कुडामागे पंचफुलानं हे सगळं ऐकलं. आपण बोललो तर ही थाळी उद्यापासून येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. परीक्षेला अजून दोन महिने होते. पुन्हा कण्या, पुन्हा अंधारी, पुन्हा तो नाला, आणि एक दिवस बा म्हणणार, शाळा बंद. आणि नाही बोललो तर माय इथून उठणार नाही. शाळेवर तिचा जीव होता. खरंच होता. पण माय तिथं मातीत बसून वाट पाहत होती.

तिनं कुडाला तोंड लावलं. भीतीनं आवाज घोगरा निघाला. तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"भरलं, माय."

आत काही हाललं नाही. पंचफुला मागच्या मागे वळली आणि वळसा घालून अंगणात आली. हात-पाय धुतले, पुस्तक उघडून ओट्यावर बसली. अक्षरं दिसत नव्हती.

बऱ्याच वेळानं तानाबाई आली. तिच्या हातात ती थाळी होती, भरलेली. लहानू चुलीपाशी बसला होता. त्यानं हरिदासची थाळी ओळखली आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. पण तानाबाईनं आज काही लपवलं नाही. पंचफुलाला हाक मारून तिनं समोर बसवलं, आणि थाळी तिच्यापुढे ठेवली. दूध, अंडं, तुपाची भाकर, लसणाची चटणी.

"हे काय करून राह्यली तू?" लहानू म्हणाला.

"हरी बोलला माह्यासंग," ती म्हणाली. आवाज शांत होता. "म्हणे, भरलं माय. म्हणे, आता माह्या वाट्याचं पंचीले देत जाय, तिची परीक्षा हाये. अन् तूबी खात जाय म्हणे."

लहानूनं तोंड उघडलं. प्रतिज्ञा त्याच्या ओठांवर आली असेल. पण त्यानं मान वळवली आणि अंधाराकडे तोंड करून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत राहिला.

पंचफुलाच्या अंगावर काटा उभा राहिला. ती फक्त दोन शब्द बोलली होती. परीक्षेचं ती बोलली नव्हती. मायच्या जेवणाचं बोलली नव्हती. तिनं मायकडे पाहिलं. माय चूल फुंकत होती, तिच्या तोंडावर विस्तवाचा उजेड होता, आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं. मग आपण पळून आल्यावर त्या खोपीत कोण बोललं? की मायनं आवाज ओळखला होता? एवढंच विचारायचं होतं. पण मायनं ओळखलं असेल तर दादा कधी आलाच नव्हता, आणि दादा आला असेल तर इतके दिवस तो उपाशी होता. तिनं विचारलं नाही. पुढे सगळ्या जन्मात विचारलं नाही.

तानाबाईनं भाकरीचा कुटका मोडून स्वतःच्या तोंडात घातला, तीन दिवसांनी पहिला. चावता चावता तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"खाय वं," ती म्हणाली. "गरम हाये तोवर खाय."