दुसरा उल्लेख

माझं काम म्हणजे लोकांच्या तोंडाकडे बघत बसणं, असं आमची ताई म्हणते. खोटं नाही ते. विद्यापीठातल्या कुणाचा शोधनिबंध छापून आला की पूर्वी बघायचे, इतर किती विद्वानांनी त्याचा आधार घेतला. त्याला वर्षं लागतात, आणि आमच्या साहेबांना तेवढा धीर नाही. म्हणून आमचा विभाग वेगळं मोजतो: निबंधाबद्दल नेटवर किती जण बोलले, तो बातमीत आला का, कुणी ब्लॉगवर चघळला का. याला अल्टमेट्रिक्स म्हणतात. प्रत्येक निबंधाला एक स्कोअर मिळतो. तो चढला की साहेब शीळ घालतात.

लोक चांगलं बोलले की वाईट, ते आम्ही बघत नाही. शिव्या घातल्या तरी स्कोअर चढतोच. पथ्य एकच पाळतो: एका खात्याचा एकच उल्लेख धरायचा, पहिला. नाहीतर संशोधकाची मेहुणी दिवसभर तेच ते लिहीत बसायची. दुसऱ्यापासून पुढचे उल्लेख सॉफ्टवेअर आपणहून बाजूला टाकतं. त्या जागेला आम्ही रद्दी म्हणतो. रद्दी कोणी वाचत नाही.

झोपेवरचा एक निबंध बघता बघता वर गेला. उपाय अगदी साधा होता. डोळे मिटायचे, मनात एक रिकामी खोली आणायची. खोलीला खिडकी, खिडकीशी एक खुर्ची. आत जायचं आणि बसायचं. झोप लागते म्हणे. लोकांनी नुसता कल्ला केला होता: ‘कित्येक वर्षांनी झोपलो’, ‘या संशोधकाचे पाय धरावेसे वाटतात’. साहेब शीळ घालून घालून दमले.

चार लोक बोलले म्हणून कशाचं औषध होत नाही, हे मी जगाला ऐकवत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तो निबंध ताईच्या हातात मीच दिला. पण तिची अवस्था बघवत नव्हती. ती नर्स आहे, कायम रात्रपाळीला. भावोजी गेल्यापासून दिवसा तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आम्ही दोघीच राहतो. मी कामाला निघताना ती स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत उभी असायची, आणि परत यायचे तेव्हाही तिथेच असायची. ही एक दिवस अशीच उभ्या उभ्या संपणार, अशी मला भीती वाटायची. मला दुसरं कोणी नाही.

खोलीचा उपाय लगेच लागू पडला. ताई चक्क घोरायला लागली, आणि मी दाराशी उभी राहून ते घोरणं कौतुकाने ऐकलं. मग झोप लांबत गेली. उठवलं की चिडायची. “कशाला हाक मारलीस? बरं चाललं होतं माझं.”

त्याच सुमारास त्या निबंधाची रद्दी फुगायला लागली. साहेब म्हणाले, “पुसून टाका ना ते. सगळं स्लो होतंय.” पुसण्याआधी मी सहज आत डोकावले.

‘खोली छान आहे, पण आज खुर्चीत कुणीतरी होतं.’

‘खुर्चीत एक मास्तर बसलेत. बोटांना खडू.’

‘मास्तर हलायला तयार नाहीत. मी भिंतीला टेकून उभी राहिले.’

ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. भाषा वेगळ्या, देश वेगळे. पण मास्तरांच्या कोटाचा उसवलेला खिसा सगळ्यांनी बघितला होता. मी वाचतच गेले. एका ठिकाणी मास्तरांचे उल्लेख संपले.

‘आज एक नर्सबाई आल्या. मास्तरांना दटावून घरी पाठवलं. मग म्हणाल्या, पाय दुखतायत, जरा टेकते.’

त्यानंतर प्रत्येकाला नर्सच दिसली होती. सगळ्यात ताजा उल्लेख ‘रिटायर्ड वायरमन’ अशा नावाच्या खात्याचा होता: ‘बाई फार मायाळू. बोलता बोलता माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, पाणी पीत जा, राजा. मी म्हटलं, तुम्ही का जात नाही घरी? तर म्हणाल्या, इथून उठलं की सगळं परत आठवतं.’

दिसेल त्याची नाडी बघणारी, आणि दूधवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ‘राजा’ म्हणणारी बाई मला एकच माहीत होती. पर्स टेबलावरच टाकून मी घरी धावले.

ताई अंथरुणात होती. खिडकीतून लख्ख ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. मी हाका मारल्या, गदागदा हलवलं, पाणी शिंपडलं. ती उठेना. तिच्याच हॉस्पिटलातले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे हो. थकलीये बिचारी. झोपू द्या.” ही काय थकव्याची झोप होती? मी स्वतः डोळे मिटून ती खोली आणून बघितली. पण भीतीने माझंच काळीज इतकं धडधडत होतं की झोप कुठून यायला!

शेवटी तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि वायरमनना लिहिलं: ‘काका, त्या नर्सबाई म्हणजे माझी ताई. धाकटी वाट बघतेय, एवढं त्यांना सांगाल का?’

उत्तर लगेच आलं. ‘सांगतो की. दुपारी मी झोपतोच.’

ऊन भिंतीवर सरकलं तेव्हा ताई उठून बसली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती पाठीवर थोपटत राहिली, पण नजर तिची दाराकडे होती.

“एक म्हातारे काका आले होते,” ती म्हणाली. “मी उठले आणि ते बसले. बसू नका म्हणायचं राहूनच गेलं गं.”

एवढ्यात साहेबांचा फोन आला. “बघितलंत का? आणखी एक नवीन उल्लेख!” ते आनंदाने शीळ घालत होते. मी लॅपटॉपकडे बघितलं. एक कोरं खातं, त्यावरचं पहिलंच वाक्य: ‘माझे वडील हा निबंध वाचून झोपले. ते उठत नाहीयेत. कुणी मदत करेल का?’

ताईने माझ्या खांद्यावरून ते वाचलं, आणि उशी सारखी केली.

“अगं, वेडी आहेस का तू?” मी किंचाळले. “आत्ता कुठे आलीस ना!”

“पेशंटला असं सोडून येतात का?” ती म्हणाली. “त्यांना उठवते आणि आलेच.”

“खुर्चीत बसू नकोस. शपथ घे.”

“नाही बसत, राजा,” असं म्हणून तिने डोळे मिटले.

थोड्याच वेळात वायरमनच्या त्या मुलीने दुसऱ्यांदा लिहिलं. बाबा उठले, पाणी मागितलं, सगळ्यांचे आभार. तो उल्लेख रद्दीत गेला. ताई मात्र उठली नाही. मी तिचा हात धरून हाका मारत राहिले. भावोजी तिला किती आठवत असतील, आणि तिथे ते आठवत नाहीत, हे मला कळत होतं. तरी मला ती हवी होती.

आता मी झोपून तिला उठवायला जाऊ शकले असते. भीती ओसरली होती, डोळे जड झाले होते. पण मी त्या खुर्चीत बसले तर ताई मला न्यायला येणार आणि पुन्हा तिथेच बसणार. मुलगी असलेला माणूस पाठवला तर मुलगी मदत मागणार आणि ताई पुन्हा उशी सारखी करणार. तिचा स्वभावच तसा आहे. मी रद्दी वरपासून पुन्हा वाचायला घेतली. या वेळी खोलीबद्दल कोण काय म्हणतंय ते बघत नव्हते, कुणाच्या घरात कोण कोण आहे ते बघत होते.

एक बाई सापडल्या. शिवणकाम करतात, एकट्या राहतात. त्यांच्या कुठल्याच उल्लेखाखाली कधी कुणी काही लिहिलेलं नाही. मी त्यांना फार गोड शब्दांत विनंती केली.

त्यांचं उत्तर आत्ताच आलंय. ‘अगदी जरूर सांगते हो. माझ्याकडे कुणी काही मागतच नाही. फार बरं वाटलं.’