मागे बसणाऱ्याचं काम

चष्मा कितीही बदलला तरी आता गाडी चालवायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी मान डोलावली, आभार मानले आणि बाहेर येऊन सरळ स्कूटरला किल्ली लावली. मुलीनं ती काढून घेतली.

"बाबा, डॉक्टर आत्ता काय म्हणाले?"

"ते मोठ्या रस्त्याबद्दल म्हणाले."

काकीला ही बातमी जुनीच होती. गेले कित्येक महिने कडेच्या दुकानांवरून वळण ओळखून ती मागून त्यांच्या बरगडीत कोपर टोचत होती, आणि काका ते वळण स्वतःच पाहिल्यासारखं घेत होते. संसारात एवढं चालवून घ्यावंच लागतं.

दोघं मिळून एका किराणा दुकानाचा माल पोचवत. काका चालवायचे. त्यांच्या पायाशी साखरेचं पोतं, हुकाला साबणाची पिशवी, मागच्या कॅरियरला दोन्ही अंगांना तेलाचे डबे, आणि या सगळ्यात उरेल त्या जागेत काकी, मांडीवर अंड्यांचे ट्रे घेऊन. अंडी हे तिचं खातं. ती दोन्हीकडे पाय टाकून बसायची, ट्रेंना कवळ घालायची, आणि स्पीडब्रेकर आला की फूटरेस्टवर जोर देऊन बोटभर उठायची. धक्का तिच्या गुडघ्यांत जिरायचा, अंड्यांपर्यंत पोचायचा नाही. तिला पुढचं काही दिसत नसे, काकांची पाठ रुंद. पण स्पीडब्रेकरच्या आधी ते गाडी हळू करत आणि घशातल्या घशात "हं" म्हणत. ते ऐकलं की ती उठे. हे कधी ठरलं नव्हतं. आपण असं काही म्हणतो, हे काकांनी शपथेवर नाकारलं असतं.

डॉक्टरांकडून आल्यावर काका घरी बसले. गळत नसलेल्या नळाला त्यांनी नवा वायसर घातला, तेव्हापासून तो गळू लागला. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, मग काकीला तूरडाळ सापडेना. इथवर ठीक होतं. पण एके सकाळी ते काहीच न बिघडवता नुसते खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. ते काही काकीला बघवलं नाही.

तिला गाडी येत होती. मुलीनं नोकरी लागल्यावर हौसेनं तिला मैदानात शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. ते लायसन्स ठेवणीतल्या कपड्यासारखं कपाटात पडून होतं. तिनं ते पर्समध्ये टाकलं, काकांना उठवलं आणि दुकान गाठलं.

"मी चालवीन. हे मागे बसतील."

दुकानदारानं काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे.

"काकी, उद्या बेकरीची अंडी आहेत. नीट पोचली तर फेरी तुमची. नाहीतर मी तीनचाकीवाल्याला सांगणार. मग माझ्यावर रागवायचं नाही."

"आजवर एक तरी अंडं फोडलंय का मी?"

"तुम्ही नाही फोडलंत. पण उद्या ती तुमच्या मांडीवर नसतील ना!"

सकाळी माल लादला. काका मागे चढले, ट्रे मांडीवर घेतले, उतरले, पँट वर ओढली, पुन्हा चढले. चौकातला पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून बघत राहिला.

"काय काका, आज मालात का?"

"जपून न्यायचा माल आहे रे," काका म्हणाले, "म्हणून मागे."

मैदानातली स्कूटर आणि साखर भरलेली स्कूटर यांत, शेजारच्याचं पोर खेळवणं आणि स्वतःचं वाढवणं एवढा फरक असतो, हे काकीला पहिल्याच वळणावर कळलं. त्यात मागून सूचना.

"ब्रेक! अगं, ब्रेक!"

"दिसतंय का तुम्हाला काही?"

"नाही."

"मग?"

"आवाजावरून सांगतोय."

"आवाजच बंद करा."

काका गप्प झाले. रस्ता सरळ होता, तिचा हात बसत चालला होता. बेकरीच्या अलीकडे स्पीडब्रेकर होता तो तिला लांबूनच दिसला. तिनं शहाण्यासारखी गाडी हळू केली. गाडी हळू झालेली काकांना मागे कळली, आणि वर्षानुवर्षांची सवय त्यांच्या घशातून बाहेर पडली.

"हं."

आणि काकी उठली.

हँडल हातात, उजवी मूठ पिळलेली, अशी ती उठली आणि स्कूटरनं पुढे उडी घेतली. काका उठले नाहीत. "हं" म्हणणाऱ्यानं कधी उठायचं नसतं. ते ट्रेंसकट दाणकन आपटले. गाडी पडली नाही, ते साखरेच्या पोत्याचे उपकार.

काकीनं गाडी कडेला घेतली. काकांच्या पँटवरून पिवळं ओघळत होतं.

"तुम्ही हं का म्हणालात?"

"मी कुठे म्हणालो?"

"म्हणालात."

"बरं, म्हणालो. तू का उठलीस?"

काकीनं गाडी बेकरीच्या दारात नेऊन लावली.

बेकरीवाल्यानं ट्रे उचलून पाहिले. वरचे बरे होते, सगळ्यात खालचा गेला होता. "मी ती फोडणारच होतो म्हणा," तो म्हणाला, "पण माझ्या भांड्यात." आणि त्यांच्यादेखतच त्यानं दुकानात फोन लावला.

बाहेर काका फडक्यानं पँट पुसत उभे होते. नको तिथेच पुसत होते.

"मी घरीच बसतो. तू ने एकटी. ट्रे दोरीनं बांध."

"दोरी हं म्हणते का?"

"तिला म्हणायचं काय कारण? आणि आता मला तरी काय? मला कुठे दिसतंय?"

ते त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. काकीनं फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि जिथे पुसायला हवं होतं तिथे पुसलं.

"हं आता मी म्हणणार. ऐकलं की उठायचं. बोटभर. सभेत उठल्यासारखं नाही."

"माझे गुडघे..."

"माझे काय उसने आणलेले होते?"

दुकानदारानं दोघांना समोर उभं करून निकाल दिला. अंडी तीनचाकीनं जातील. मीठ, साखर, साबण, डाळी या दोघांनी न्याव्यात. "गल्ल्यांत तीनचाकी शिरत नाही म्हणून. लाड म्हणून नाही."

रात्री मुलीचा फोन आला. "अंडीच नाहीत, मग बाबांना कशाला बसवतेस मागे? मीठ काय फुटतंय?"

"आवाज येत नाहीये नीट," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या मांडीवर मिठाच्या पुड्यांची पिशवी होती. त्यांनी तिला कवळ घातली होती. स्पीडब्रेकर दिसला तशी काकीनं गाडी हळू केली, मूठ सैल सोडली, घसा साफ केला.

"हं."

मागे सीट हलकी झाली. गाडीचं मागचं अंग जरासं वर आलं आणि चाक उशीवरून गेल्यासारखं पलीकडे उतरलं. मागे कुणी उठलं की पुढे हँडलमध्ये असं कळतं, हे तिला माहीतच नव्हतं. काकांना रोज कळत असणार. बोलले कधी नाहीत.

ती पुढे गेली. सीट हलकीच राहिली. चौकातला पंक्चरवाला मागे पडला, तरी हलकीच.

"अहो, बसा आता."

"तू सांगितलं नाहीस," मागून आवाज आला. "मला वाटलं, अजून आहे."